जुन्या व्हॅनचे मागचे ब्रेक केबल ताणून सुधारत नाहीत

जुन्या व्हॅनच्या मागच्या ड्रम ब्रेकबद्दल (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून कमानीसारखे शू दाबून लागणारे ब्रेक) एक सल्ला सर्रास दिला जातो. ब्रेकचे काम पुढची चाकेच करतात, त्यामुळे मागचे ब्रेक कमजोर असले तरी बिघडत नाही. फार वाटले तर हँडब्रेकची केबल ताणावी. लायनर (शूवरची घर्षणाची अस्तरे) तेलकट झाले असल्यास पॉलिश पेपरने घासावेत. आणि तरीही भागले नाही, तर मागच्या ॲक्सलजवळचा, भारानुसार ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह काढून टाकावा, असा तो सल्ला. यातला पहिला मुद्दा अर्धाच खरा आहे आणि उरलेले तीन धोकादायक आहेत.

ब्रेक लागताना वजन पुढे झुकते, त्यामुळे रिकाम्या गाडीत पुढच्या ब्रेकवर जास्त ताण येतो, हे मान्य. मात्र भरलेल्या व्हॅनचा बराचसा भार मागच्या ॲक्सलवर असतो. तिथले ब्रेक आपला वाटा उचलत नसतील, तर लांब उतारावर पुढचे ब्रेक प्रमाणाबाहेर तापतात आणि त्यांची पकड कमी होऊ लागते.

केबलचा गैरसमज सर्वांत जास्त नुकसान करतो, कारण केबल ताणल्यावर शू बाहेर ढकलले जातात आणि पॅडल वर आल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात शू आपल्या मूळ जागी परतत नाहीत, अनेक रचनांमध्ये शू आणि ड्रममधले अंतर आपोआप राखणाऱ्या ॲडजस्टरचे काम थांबते आणि लायनर झिजत जातात तसे अंतर पुन्हा वाढते. म्हणून आधी केबल पूर्ण सैल करावी आणि ड्रम काढून ॲडजस्टर तपासावा. जुन्या गाडीत त्याचे आटे बहुधा गंजून जाम झालेले असतात. अनेक गाड्यांत डाव्या आणि उजव्या बाजूच्या ॲडजस्टरचे आटे उलट असतात, त्यामुळे त्यांची अदलाबदल होऊ देऊ नये. ॲडजस्टर मोकळा झाल्यावर ड्रम बसवून त्याचे दातेरी चाक ड्रम अडेपर्यंत फिरवावे, मग ड्रम हलका घासत फिरेल इतके ते मागे घ्यावे, पॅडल काही वेळा दाबून शू मध्यावर आणावेत आणि पुन्हा तपासावे. केबलला हात लावायचा तो यानंतरच.

लायनरवर नुसती चकाकी आली असेल, तर पॉलिश पेपर चालतो. तेल मुरले असेल, तर वरचा थर घासूनही ड्रम तापताच आतले तेल पुन्हा वर येते. दोन्ही चाकांचे शू एकदमच बदलावे लागतात. त्याआधी गळती शोधावी. व्हील सिलिंडरच्या (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणाऱ्या भागाच्या) रबरी टोपणाची कड अलगद उचलून पाहावी. आत ब्रेक ऑइलचा ओलावा असेल, तर दोष सिलिंडरचा आहे. दाट, उग्र वासाचे तेल दिसले, तर मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ॲक्सलचे ऑइल सील गेलेले असते. ड्रममधली धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नये, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ती ओल्या फडक्याने पुसावी. ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासापेक्षा तो जास्त झिजला असेल, तर नवे शू घालूनही उपयोग नाही.

व्हॉल्व्ह काढल्यास रिकाम्या गाडीची मागची चाके पुढच्यांच्या आधी जाम होतात आणि गाडी गर्रकन फिरते. मागे दाब कमी पोहोचत असल्यास त्या व्हॉल्व्हची दांडी गंजली आहे का, किंवा गाडीच्या सस्पेन्शनची स्प्रिंग बदलल्यावर तिची मांडणी चुकली आहे का, हे पाहून उत्पादकाच्या मापाप्रमाणे ती लावावी.

एवढे करूनही पॅडल स्पंजासारखे दबत असेल, तर बहुधा ब्रेकच्या नळ्यांत हवा आहे. पॅडल घट्ट असूनही मागची चाके धरत नसतील, तर ॲक्सलकडे जाणारा रबरी पाइप आतून फुगून बंद झाला आहे का, ते तपासावे.