लालबाग-परळची पुढची पिढी राहणार कुठे?

"मराठी माणसानं स्वतःच घरं विकली, आता गिरणगाव गेलं म्हणून गळा कशाला काढता?" हे इतक्या वेळा ऐकलंय की आज सविस्तर लिहितोय.

विकली, हे खरं. पण का विकली? पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे भरून नाममात्र भाड्यानं घेतलेल्या, खोलीची भाडेपावती एकाच्याच नावावर असते. दहा बाय बाराच्या त्या खोलीत, पोटमाळा धरून, आईवडील, तीन भाऊ, सुना, नातवंडं राहायची. ते जमायचं, कारण गॅलरी होती, गच्ची होती, रात्री अंथरुणं बाहेर पडायची. ३३(७) या जुन्या भाडेकरू इमारतींसाठीच्या नियमाखाली पुनर्विकास झाला की त्या पावतीमागे घर मिळतं एकच, बऱ्याचदा तीनशे-साडेतीनशे चौरस फुटांचं. वडील गेले की वाटण्या आल्या. एकानं घर ठेवायचं तर बाकी दोघांना आजच्या भावानं हिस्सा द्यायचा. पगारदार माणूस तेवढे पैसे आणणार कुठून? मग घर विकलं जातं आणि तिघं बदलापूर, विरार, डोंबिवली गाठतात. यात हौस कुठे आली?

ज्यांनी घर राखलं त्यांचंही सोपं नाही. चाळीचं भाडं महिना शे-दोनशे होतं. टॉवरमध्ये लिफ्ट, पंप, वॉचमन, आगीची यंत्रणा, सगळ्याचा खर्च मेंटेनन्समध्ये. कॉर्पस फंडाच्या, म्हणजे बिल्डर रहिवाशांसाठी ठेवतो त्या ठेवीच्या, व्याजातून तो निघेल असं बैठकीत सांगितलेलं असतं. व्याजदर उतरतात, खर्च चढतो. मग लिफ्टशेजारच्या फळ्यावर थकबाकीदारांची यादी लागते. गिरणी कामगाराची विधवा त्या यादीत आपला घर नंबर बघते आणि मान खाली घालून लिफ्टमध्ये शिरते. मला हे बघवत नाही.

खरी संधी गेली ती गिरण्यांच्या जमिनीची. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत या जमिनींचे तीन वाटे ठरले: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक म्हाडाला, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण संस्थेला, घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. गिरणी पाडून रिकामी होणारी जमीन हिशोबातूनच गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल कायम ठेवला. म्हाडाचा तो पूर्ण वाटा मिळाला असता तर मधल्या उत्पन्नाच्या माणसाला इथे घर असतं. आता एका टोकाला जुन्या भाडेकरूंना मिळालेली रिहॅबची घरं, दुसऱ्या टोकाला बिल्डर बाजारात विकतो ते कोट्यवधींचे सेलचे फ्लॅट. केईएममधल्या नर्सनं, बेस्टच्या वाहकानं, शाळेतल्या शिक्षिकेनं मध्ये शोधायचं काय? कित्येक गिरणी कामगारांनासुद्धा पनवेलजवळ कोनला घरं दिली गेली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पुनर्विकासातून म्हाडाला जे जादा क्षेत्रफळ मिळतं, त्यावर पहिला हक्क वर्षानुवर्षं संक्रमण शिबिरात पडून असलेल्या मास्टर लिस्टवाल्यांचा, म्हणजे ज्यांची जुनी इमारत पुन्हा उभीच राहिली नाही अशा भाडेकरूंचा. त्यांचं झालं की उरलेली घरं विकू नका, इथेच काम करणाऱ्यांना परवडणाऱ्या भाड्यानं द्या. भाड्याच्या घराला आपल्याकडे उगाच कमी लेखतात. हे अख्खं गिरणगाव भाड्याच्या खोल्यांवरच उभं राहिलं होतं.

आणि पुनर्विकासासाठी ज्यांच्या सह्या व्हायच्या आहेत त्यांनी चौरस फुटांइतकीच घासाघीस कॉर्पसवर करा. दहा वर्षांच्या मेंटेनन्सचा अंदाज बिल्डरकडून लेखी घ्या, कॉर्पसची रक्कम त्यावरून ठरवा आणि मगच संमतीपत्राला हात लावा. आमच्या इमारतीच्या बैठकीत मी हाच ठराव मांडणार आहे.