‘नको असेल तर ब्लॉक करा’ : एका फसव्या युक्तिवादाला उत्तर

गूगलसारख्या कंपन्यांनी बातम्या वापरल्याबद्दल वर्तमानपत्रांना मोबदला द्यावा, हा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास फिरू लागतो. गूगल वर्तमानपत्रांना फुकट वाचक पाठवतं, त्याच्याकडेच पैसे मागणं म्हणजे लिंकवर कर. नको असेल तर साइट ब्लॉक करा. जर्मनी-स्पेन मोबदल्याचे कायदे करून तोंडघशी पडले. आणि पैसा शेवटी बड्या घराण्यांच्याच खिशात जातो.

लिंकवर कर? युरोपीय संघाच्या २०१९च्या कॉपीराइट निर्देशाच्या कलम १५मधून लिंक देणं, सुटे शब्द आणि अगदी छोटे उतारे स्पष्टपणे वगळलेले आहेत. हक्क आहे तो मजकूर वापरण्यावर, तोही दोन वर्षांपुरता. कॅनडाच्या २०२३च्या कायद्यात मात्र लिंकही धरली गेली, आणि त्याच वर्षी ऑगस्टपासून फेसबुकची मालक कंपनी मेटाने तिथे बातम्याच बंद केल्या. त्या कायद्यावरची ही टीका रास्त आहे, पण ती सगळ्या कायद्यांना चिकटवता येत नाही.

ब्लॉक करणं कागदावर सोपं आहे. साइटवरच्या रोबोट्स फाइलमध्ये (कोणत्या यंत्राने काय वाचावं हे सांगणारी फाइल) गूगलबॉटला, म्हणजे सर्चसाठी पानं वाचणाऱ्या गूगलच्या प्रोग्रॅमला, मनाई केली की साइट सर्चमधून जवळपास हद्दपार होते. ‘गूगल-एक्स्टेंडेड’ला मनाई केली तर मजकूर गूगलच्या जेमिनी या एआयच्या प्रशिक्षणातून वगळला जातो, पण सर्चच्या पानावर वरती येणारे एआय सारांश थांबत नाहीत, कारण ते सर्चचाच भाग धरले जातात. त्यातून बाहेर पडायचं तर ‘नोस्निपेट’, म्हणजे उतारा दाखवू नका अशी खूण, पानाला लावावी लागते. मग नेहमीच्या निकालातही मथळ्याखालच्या दोन ओळी जातात आणि क्लिक घटतात. म्हणजे सारांश नाकारायचा तर वाचकही गमवायचा. याला निवड म्हणणं अन्यायाचं आहे.

जर्मनीचं उदाहरण तर नीट वाचलं की उलटंच सांगतं. तिथे २०१३मध्ये प्रकाशकांना बातम्यांचे उतारे वापरण्यावर हक्क मिळाला. गूगलने फुकट परवानगी मागितली. न देणाऱ्यांचे उतारे आणि छोटी चित्रं २०१४च्या ऑक्टोबरात काढली. आक्सेल श्प्रिंगर या बड्या प्रकाशन कंपनीने काही साइट्सपुरता दोनेक आठवडे तग धरला. सर्चमधून येणारे वाचक सुमारे ४० टक्के आणि गूगल न्यूजमधून येणारे सुमारे ८० टक्के घटले, तेव्हा त्यांनीही फुकट परवानगी दिली. हक्क होता, सौदा करायची ताकद नव्हती. पुढे २०१९मध्ये युरोपीय न्यायालयाने तो कायदा गैरलागू ठरवला, तो युरोपीय आयोगाला आधी कळवला नव्हता म्हणून. स्पेनने प्रकाशकांना मोबदला सोडून देण्याची मुभाच ठेवली नाही. तिथलं गूगल न्यूज डिसेंबर २०१४मध्ये बंद झालं आणि स्वतंत्र करारांची वाट मोकळी झाल्यावर २०२२मध्ये परतलं.

फ्रान्समध्ये गूगलने जर्मनीचीच खेळी केली. पण तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाने एप्रिल २०२०मध्ये आदेश दिला: तीन महिन्यांत प्रामाणिकपणे वाटाघाटी करा, मोबदला ठरवायला लागणारी माहिती द्या, आणि बोलणी चालू असताना बातम्यांची मांडणी बदलू नका. ही शेवटची अट सगळ्यात मोलाची, कारण जर्मनीत प्रकाशकांची मान तिथेच अडकली होती. आदेश न पाळल्याबद्दल २०२१मध्ये ५० कोटी युरो दंड झाला. मार्च २०२४मध्ये आणखी २५ कोटी. या दुसऱ्या निर्णयात, बार्ड या गूगलच्या एआय चॅटबॉटसाठी बातम्यांचा मजकूर प्रकाशकांना न कळवता वापरल्याचाही ठपका होता.

बड्यांनाच पैसा? ती भीती खरी आहे, म्हणून वाटपाचे नियम आधी लिहावे लागतात. कॅनडात गूगल वर्षाला १० कोटी कॅनडियन डॉलर देतं. खासगी प्रसारकांना त्यातले जास्तीत जास्त ३० टक्के, सार्वजनिक प्रसारकाला ७ टक्के, उरलेले इतर वृत्तसंस्थांना, पत्रकारांच्या कामाच्या तासांवरून. ऑस्ट्रेलियात १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपेक्षा कमी उलाढालीच्या उद्योगांना एकत्र येऊन सौदा करायची सर्वसाधारण मुभा २०२१पासून आहे. जिल्ह्याच्या दैनिकाला एकट्याने गूगलसमोर बसवण्यात काही अर्थ नसतो.

आपल्याकडे डिजिटल वृत्तप्रकाशकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२मध्ये गूगलच्या चौकशीचा आदेश दिला. १९५७च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात प्रकाशकांसाठी युरोपसारखा वेगळा हक्क नाही. शिवाय कलम १७(अ) पाहा: वेगळा करार नसेल तर नोकरीतल्या पत्रकाराच्या लेखावर मालकाचा हक्क वृत्तपत्र-नियतकालिकातल्या प्रसिद्धीपुरता, बाकी सगळा लेखकाचा. त्यामुळे एआय कंपनीला परवाना द्यायला निघालेल्या मराठी दैनिकाने आधी बातमीदारांबरोबरचे करार तपासावेत, आणि त्यांत मोबदल्यातला बातमीदाराचा वाटा टक्क्यांत लिहावा. युरोपच्या कलम १५मध्येही लेखकांना योग्य वाटा देणं बंधनकारक आहे.