बेलतगव्हाण खटला: आपल्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

बेलतगव्हाण खटल्यावरील माझ्या लेखाविषयी आपण सविस्तर आणि संतापून लिहिले आहे. आपले दोन आक्षेप आहेत. एक, घरात शिरून पाच जणांना मारणाऱ्यांचा मला कळवळा आला, पण त्या रात्रीतून वाचलेल्या आईसाठी माझ्या लेखात दोन ओळीही नाहीत. दुसरा, सहाही आरोपी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयातून सुटले ते केवळ तांत्रिक मुद्द्यांवर. पहिला आक्षेप खरा आहे. मी निकालाबद्दल लिहीत गेलो आणि ती बाई माझ्या लेखातून निसटली; ही चूक मी मान्य करतो. दुसरा आक्षेप मात्र मला मुळीच मान्य नाही, आणि त्याचे कारण त्या बाईंच्याच जबाबात आहे.

5 जून 2003 च्या रात्री नाशिकजवळच्या बेलतगव्हाण शिवारात, पेरूच्या बागेतल्या एका झोपडीत दरोडेखोर शिरले. पैसे आणि दागिने लुटले, घरातल्या माणसांना मारहाण केली, मायलेकींवर अत्याचार केले. पाच जीव गेले. आई आणि एक मुलगा जखमी अवस्थेत वाचले. हे वाचताना आपल्या मनात जे उसळते तेच माझ्याही मनात उसळते. सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2009 रोजी तिघांची फाशी कायम केली आणि ज्या तिघांना उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली होती त्यांनाही फाशीच सुनावली, तेव्हा मलाही तो न्याय वाटला होता.

आता त्या आईकडे येतो. घटनेनंतर थोड्याच दिवसांत पोलिसांनी त्यांच्यापुढे सराईत गुन्हेगारांच्या छायाचित्रांची फाइल ठेवली. ज्या बाईने आपली पोरे डोळ्यांदेखत गमावली आहेत, जिचे स्वतःचे अंग अजून ठणकते आहे, ती एकेक पान उलटते आणि चार चेहऱ्यांवर बोट ठेवते. त्या चौघांपैकी एकही जण या खटल्यात आरोपी नव्हता. त्यांच्यावर खटला भरला गेला नाही आणि फाशीच्या शिक्षेपर्यंत पोचले ते वेगळेच सहा जण. ही ओळख सरकार पक्षाने न्यायालयापुढे नीट येऊच दिली नाही. हा आपल्याला तांत्रिक मुद्दा वाटतो का? माझ्या मते या खटल्यातला हा सर्वांत मोठा पुरावा होता आणि तो दडवून सर्वांत मोठा अन्याय झाला तो त्या बाईंवरच. तिच्या बाजूने उभे राहायचे असेल, तर आधी तिचे म्हणणे ऐकायला हवे होते.

आपण लिहिता की गुन्हा इतका क्रूर असताना आरोपींचा विचार करायचाच कशाला. नेमक्या याच विचाराने 2009 चा निकाल दिला गेला. त्यात राजस्थानातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये दिलेल्या निकालाचा आधार होता, ज्याने शिक्षा ठरवताना गुन्ह्याचे स्वरूप पाहा, गुन्हेगाराची परिस्थिती नको, अशी दिशा दिली होती. हे घटनापीठाच्या, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाच्या, 1980 च्या बच्चनसिंग निकालाशी विसंगत होते; फाशी देताना गुन्हा आणि गुन्हेगार दोन्ही पाहावेत, असे तो निकाल सांगतो. बेलतगव्हाणचा निकाल लागून दोन आठवडे होण्याच्या आतच, मे 2009 मध्ये, पुण्यातल्या एका अपहरण-खून खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच ही विसंगती दाखवून दिली. तरीही हे सहा जण फाशीच्या छायेतच राहिले. त्यांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे कित्येक वर्षांनी निष्पन्न झाले.

फाशीच्या पुनर्विलोकन अर्जाची, म्हणजे आपलाच निकाल पुन्हा तपासावा या न्यायालयाकडे केलेल्या विनंतीची, सुनावणी खुल्या न्यायालयात, तीन न्यायमूर्तींपुढे व्हावी, त्यासाठी वकिलाला जास्तीत जास्त अर्धा तास मिळावा, असे घटनापीठाने 2014 मध्ये ठरवले. त्यापूर्वी असे अर्ज न्यायमूर्तींच्या दालनातच निकालात निघत. या सहा जणांचाही पहिला अर्ज फेटाळला गेला होता. नवे दार उघडले म्हणून 2018 मध्ये जुना निकाल मागे घेतला गेला, अपिले नव्याने ऐकली गेली आणि 5 मार्च 2019 रोजी सहाही जणांची निर्दोष मुक्तता झाली. सोळा वर्षे गेली. हे सगळे भटक्या समाजातले गरीब मजूर आहेत आणि त्यांना खोटेपणाने गोवले गेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने नमूद केले. ज्या समाजांवर इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांच्याच पालावर, कुठे चोरी झाली की आजही पोलिसांची पहिली गाडी जाते, हे आपल्याकडच्या खेड्यापाड्यांत कोणालाही विचारा.

प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई राज्य सरकारने द्यावी, असाही आदेश झाला. आपण त्याला खुन्यांना दिलेले बक्षीस म्हटले आहे. हा शब्द आपण मागे घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तरुणपणी आत गेलेला माणूस प्रौढ होऊन बाहेर येतो. पाच लाखांना सोळांनी भागले तर वर्षाला एकतीस हजारांच्या आसपास पडतात.

आणि ज्या गोष्टीबद्दल आपण दोघांनीही काही लिहिले नाही, ती अशी. त्याच निकालात न्यायालयाने त्या आईने ओळखलेल्या चौघांच्या बाबतीत पुढील तपास करण्यास सांगितले आणि खटल्याच्या या अपयशाला जबाबदार असलेले अधिकारी शोधण्यास गृह विभागाला बजावले. आपण नाशिककडचेच आहात, असे आपण लिहिले आहे. या दोन आदेशांचे पुढे काय झाले, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी या आठवड्यात पाठवतो आहे. आपणही एक अर्ज करावा. तपास सुरू असल्याचे कारण देऊन कदाचित माहिती नाकारतील. पण तेवढे जरी लेखी हाती आले, तरी तो तपास सुरू आहे हे कळेल.