‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ म्हणून रस्त्यावरचे मृत्यू थांबत नाहीत?

मोठा अपघात झाला की दुसऱ्या दिवशी हा मजकूर फिरायला लागतो: ‘90 टक्के अपघात चालकाच्या चुकीने होतात. परदेशात लोक शिस्तीचे आहेत, म्हणून तिथे माणसे मरत नाहीत. आपल्याकडे रस्ते सुधारा, कायदे करा, काही फरक पडणार नाही.’ 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे गेली, त्यांतली 15 हजारांहून जास्त महाराष्ट्रातली. एवढ्या मृत्यूंपुढे हात टेकायला सांगणारा हा मजकूर आहे, म्हणून त्याला उत्तर द्यायलाच हवे.

आधी ते ‘90 टक्के’. आपल्याकडे अपघाताचे कारण ठरते ते मुख्यतः पोलिसांच्या नोंदीवरून. गुन्हा दाखल होतो तो निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा. पूर्वी त्याला भारतीय दंड संहितेचे कलम 304 अ लागायचे, आता भारतीय न्याय संहितेचे कलम 106 लागते. त्यासाठी आरोपी लागतो आणि हाताशी असतो तो चालक. वळणाचा फलक नव्हता, दुभाजक अर्ध्यातच संपला होता, पुलाचा कठडा उघडा होता, याची चौकशी क्वचितच होते.

सप्टेंबर 2022 मध्ये उद्योगपती सायरस मिस्त्री गेले तो अपघात आठवा. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलाजवळ तीन पदरांचे दोन होतात आणि काँक्रीटचा कठडा थेट गाडीच्या वाटेत येतो. गाडी वेगात होती. मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावला नव्हता, ते दोघेही गेले. पुढचे दोघे वाचले. वेग, पट्टा आणि पूल, तिन्ही कारणे खरी आहेत. गुन्हा नोंदला गेला तो चालकावर. पण चालकाला शिक्षा झाली तरी कठडा तिथेच राहतो, आणि पुढची गाडी त्याच पुलावरून जाणार असते.

दुसरे, परदेशी शिस्त. नेदरलँड्समध्ये 1971 साली रस्त्यांवर सुमारे सव्वातीन हजार माणसे मेली, त्यांत चारशेहून जास्त मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले, ‘मुलांची हत्या थांबवा’ म्हणून आंदोलन उभे राहिले. मग वस्त्यांतले रस्ते अरुंद झाले, सायकलींना वेगळी वाट मिळाली, मोटारींचा वेग खाली आणला गेला. 2023 मध्ये तिथे 684 मृत्यू झाले. स्वीडनच्या संसदेने 1997 मध्ये ठरवले की माणूस चुकणारच, पण त्या चुकीने त्याचा जीव जाता कामा नये. समोरासमोर टक्कर व्हायची त्या रस्त्यांच्या मधोमध त्यांनी पोलादी तारांचे अडथळे घातले. तेव्हा वर्षाला साडेपाचशेच्या आसपास माणसे मरत. 2023 मध्ये सव्वादोनशेच्या आसपास.

‘आपल्याकडे फरक पडणार नाही’ याला उत्तर द्यायला इतक्या लांब जायची गरजही नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 मध्ये 151 माणसे गेली होती. त्या सुमारास राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि रस्ता सुरक्षेसाठी काम करणारी सेव्ह लाइफ फाउंडेशन ही संस्था यांनी अपघाताची एकेक जागा तपासायला घेतली. उघड्या खांबांना नि कठड्यांना संरक्षक पट्ट्या, कडेला उभ्या राहणाऱ्या ट्रकांवर कारवाई, जखमीपर्यंत लवकर पोचणारी मदत, अशी साधी कामे झाली. 2019 पर्यंत आकडा 92 वर आला. लोक तेच होते, घाटही तोच होता. पुढे आकडा वरखाली झाला, कारण हे काम एकदा करून विसरायचे नाही.

शिस्तीचा प्रश्न खोटा आहे असे मी म्हणत नाही. 2022 मध्येच हेल्मेट न घातलेले 50 हजारांहून जास्त लोक मेले, आणि हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्के कमी होतो. पण शिस्त रक्तात नसते. पुण्यात लष्करी आस्थापनांच्या गेटवर हेल्मेटशिवाय दुचाकी आत सोडत नाहीत. तिथे कामाला जाणारा माणूस घरातूनच हेल्मेट घालून निघतो. तोच माणूस रविवारी मंडईत जाताना ते खुंटीला ठेवतो, कारण तिथे विचारणारे कुणी नसते.

आणि ज्याला आपण बेशिस्त म्हणतो, ती कित्येकदा रस्त्यानेच लादलेली असते. चौपदरी महामार्ग गावाच्या मधून जातो. शाळा एका बाजूला, एसटीचा थांबा दुसऱ्या बाजूला, आणि भुयारी मार्ग लांब. दप्तर पाठीवर घेतलेली पोरे दुभाजकाच्या फटीतून पलीकडे जातात. त्यातले एखादे मेले की बातमीत येते, ‘रस्ता ओलांडताना’. ज्याने तिथे ओलांडायची सोय केली नाही, त्याचा उल्लेखही नसतो.

त्याच्यासाठी कायदा आहे. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 198 अ आले. रस्त्याचा आराखडा, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या निकषांप्रमाणे नसल्याने कुणी मेले किंवा अपंग झाले, तर संबंधित यंत्रणेला, कंत्राटदाराला किंवा सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. जिवाच्या मानाने ही रक्कम फारच तुटपुंजी आहे, तरी चौकशीचे दार त्यामुळे उघडते. तुमच्या गावच्या फाट्यावर पुन्हा पुन्हा माणसे जात असतील, तर पोलीस ठाण्यात जाऊन विचारा: पंचनाम्यात रस्त्याच्या अवस्थेची नोंद घेतली का, आणि 198 अ खाली आजवर कुणाला जबाब द्यावा लागला?