‘तो दिवस आलाच नाही’ : पाणीकपातीविरुद्ध फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

धरणांची पातळी खाली जाऊ लागली की एक लांबलचक संदेश मोबाइलवर फिरू लागतो. त्याचा सारांश असा : दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनमध्ये 2018 साली नळ बंद पडणार म्हणून जगभर आरडाओरडा झाला, पण तो ‘डे झिरो’ कधी उजाडलाच नाही, तेव्हा टंचाई हा यंत्रणांनी उभा केलेला बागुलबुवा आहे. धरणात 40 टक्के पाणी असताना कपात कशाला? घरात असं पाणी लागतं तरी किती, खरं पाणी शेती आणि कारखाने घेतात. कपात करायचीच तर एक दिवसाआड पाणी सोडा, आपोआप बचत होईल. नाहीतर समुद्राचं पाणी गोडं करा. आणि लोकांनी पाणी वाचवलं की पाणीपट्टी वाढते, म्हणजे सगळा खेळ पैशांचा.

यातली काही वाक्यं अर्धी खरी आहेत, म्हणून तर संदेश पटतो. पण तो वाचून हजारो घरांनी नळ सैल सोडले, तर त्याचा त्रास ज्यांच्या गच्चीवर टाकी नाही त्यांना आधी होतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘डे झिरो आलाच नाही, म्हणजे तो खोटा होता’

केपटाऊनला सहा मोठ्या धरणांतून पाणी मिळतं. त्यांच्या एकत्रित साठ्यातला निम्म्याहून जास्त वाटा एकट्या थीवाटर्सक्लूफ धरणाचा. 2015 ते 2017 अशी सलग तीन वर्षं पावसानं दगा दिला. जानेवारी 2018 मध्ये महापालिकेनं जाहीर केलं की धरणांचा एकत्रित साठा 13.5 टक्क्यांवर आला की बहुतेक घरांचे नळ बंद होतील आणि सुमारे 200 केंद्रांवर रांगेत उभं राहून माणशी रोज 25 लिटर पाणी न्यावं लागेल. त्या वेळच्या हिशेबानं हा दिवस एप्रिलच्या मध्यात येणार होता. 1 फेब्रुवारीपासून माणशी 50 लिटरची मर्यादा लागू झाली.

मग तारीख पुढे सरकू लागली. आधी मे, मग जून, मग जुलै. मार्चमध्ये जाहीर झालं की लोकांनी अशीच बचत चालू ठेवली तर यंदा तो दिवस येणार नाही. संदेश लिहिणाऱ्यानं इथे एक साधी गोष्ट तपासलेली नाही : केपटाऊनचा पाऊस हिवाळ्यात पडतो, साधारण मे ते ऑगस्टमध्ये. फेब्रुवारी-मार्च हा तिथला कोरडा काळ. म्हणजे तारीख सरकली ती पावसामुळे नाही, धरणातून होणारा उपसा कमी झाल्यामुळे. 2015 च्या सुरुवातीला हे शहर रोज सुमारे 120 कोटी लिटर पाणी वापरत होतं. 2018 च्या सुरुवातीला तो वापर निम्म्याहून खाली आला. त्यात ग्रोएनलँड भागातल्या शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थेनं आपल्या धरणांतलं सुमारे 1000 कोटी लिटर पाणी शहरासाठी सोडलं. रोजचा वापर 50 कोटी धरला तर हे वीस दिवसांचं पाणी झालं.

50 लिटरमध्ये दिवस कसा निघतो, हे एकदा मोजून पाहण्यासारखं आहे. जुन्या पद्धतीचा फ्लश एकदा ओढला की नऊ-दहा लिटर जातात. दोन मिनिटांच्या शॉवरला वीसेक लिटर लागतात. उरलेल्या विसात स्वयंपाक, भांडी, कपडे, फरशी आणि पिणं. म्हणून तिथली माणसं पायाखाली टब ठेवून आंघोळ करत आणि तेच पाणी शौचालयात ओतत. लाखो लोकांनी महिनोन् महिने हे केलं. एवढं करूनही मे महिन्यात धरणं 20 टक्क्यांच्या आसपास होती. 2015 च्या वेगानं उपसा चालू राहिला असता तर पावसापर्यंत ती टिकली नसती. त्यांच्या कष्टांमुळे टळलेलं संकट ‘मुळात नव्हतंच’ म्हणणं हा त्या माणसांवर अन्याय आहे, आणि पुढच्या शहरासाठी तो फार घातक सल्ला आहे.

‘धरणात 40 टक्के पाणी असताना कपात कशाला?’

कारण 40 टक्के हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. तो उपयुक्त साठ्याचा आहे की मृतसाठा, म्हणजे तळाशी अडकून राहणारं पाणी, धरून? बाष्पीभवनात किती जाणार? पुढचा पाऊस उशिरा आला तर त्या आठवड्यांसाठी काय राखून ठेवलंय? धरणाच्या तळाचं पाणी तर सरळ उपसताही येत नाही. पातळी विमोचकाच्या, म्हणजे पाणी बाहेर काढणाऱ्या दाराच्या, खाली गेली की तराफ्यांवर पंप बसवावे लागतात, आणि त्या पाण्यातला गाळ, शेवाळ, लोह-मँगनीज यांमुळे शुद्धीकरण केंद्राची क्षमता घटते. ब्राझीलच्या साओ पावलोला 2014 मध्ये कांतारेरा धरणसमूहातला मृतसाठा असाच पंपांनी उपसून प्यावा लागला.

दुसरा हिशेब वेळेचा. दहा महिने आधी 10 टक्के कपात केली तर एका महिन्याचं पाणी वाचतं. तेच एका महिन्याचं पाणी शेवटच्या दोन महिन्यांत वाचवायचं तर निम्मा पुरवठा तोडावा लागतो. 10 टक्के कपात घराला जेमतेम जाणवते. 50 टक्के कपातीत उंचावरच्या आणि जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या वस्त्यांना काहीच मिळत नाही.

म्हणून शहाणी शहरं निर्णयाच्या पातळ्या आधीच ठरवून ठेवतात. सिडनीत त्या काळी नियम होता की साठा 60 टक्क्यांवर घसरला की समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प सुरू करायचा. 2012 पासून बंद असलेला तो प्रकल्प त्यानुसार जानेवारी 2019 मध्ये सुरू झाला. जूनमध्ये साठा 53 टक्क्यांच्या आसपास असताना वापरावर पहिले निर्बंध आले. फेब्रुवारी 2020 मध्ये मुसळधार पाऊस झाला आणि धरणं भराभर भरली. तेव्हाही ‘उगाच निर्बंध लावले’ म्हणता आलं असतं. पण तो पाऊस 2019 मध्ये कुणालाच दिसत नव्हता.

उशीर झाला की काय होतं, ते लातूरनं 2016 मध्ये पाहिलं. मार्चमध्ये पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला 5 लाख लिटर आणि पुढे 50 वाघिणींतून 25 लाख लिटर. ती गाडी पाहून सगळ्यांना दिलासा वाटला आणि ती आणणाऱ्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण शहराची लोकसंख्या सुमारे 4 लाख. पूर्ण भरलेल्या एका गाडीचं पाणी सगळ्यांना सारखं वाटलं तर माणशी सहा लिटर येतं. त्यात पिणं आणि स्वयंपाक कसाबसा निभावतो, आंघोळ आणि धुणं नाही.

‘घरगुती वापर नगण्य, पाणी शेती आणि कारखाने घेतात’

जगभरात नद्या, धरणं आणि भूजलातून उचललेल्या गोड्या पाण्यापैकी सुमारे 70 टक्के शेतीला जातं, हे खरंच आहे. पण शहराच्या जलवाहिनीत शिरलेल्या पाण्याचा हिशेब वेगळा असतो. केपटाऊनमध्ये शहराच्या वापरातला जवळपास दोन-तृतीयांश वाटा घरांचा होता. आणि शेतीला मोकळं सोडलं नव्हतं. त्या वर्षी तिथल्या शेतीच्या कोट्यात 60 टक्के आणि शहरांच्या कोट्यात 45 टक्के कपात होती.

या मुद्द्यात एक रास्त तक्रार मात्र दडलेली आहे. ‘लोकांनी पाणी वाचवा’ म्हणताना सगळ्यांना एका ओळीत उभं करणं चूक आहे. केपटाऊनच्या झोपडवस्त्यांत शहरातली मोठी लोकसंख्या राहते, पण पाण्यातला त्यांचा वाटा 5 टक्क्यांच्या आसपासच. सार्वजनिक नळावरून बादलीनं पाणी आणणारं कुटुंब आणखी काय वाचवणार? बचतीचा भार बाग, तरणतलाव आणि मोठ्या बिलांच्या घरांवर पडायला हवा. तिथे जास्त वापराच्या घरांना प्रवाह मर्यादित करणारी उपकरणं बसवली गेली, ते योग्यच होतं.

‘एक दिवसाआड पाणी सोडा, आपोआप बचत होईल’

संदेशातला हा सल्ला सर्वांत धोकादायक, कारण अनेक शहरांत अधिकारीही तोच पाळतात.

जलवाहिनी चोवीस तास भरलेली असते तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो. फट असली तर पाणी बाहेर जातं, बाहेरचं आत येत नाही. पुरवठा थांबला की दाब शून्यावर येतो, कधी आत निर्वात तयार होतो आणि त्याच फटींतून आजूबाजूची घाण आत ओढली जाते. शेजारून मलवाहिनी जात असेल तर काय आत येतं, ते सांगायला नको. पुन्हा पाणी सोडल्यावर पहिली काही मिनिटं गढूळ पाणी येतं, त्याचं हेही एक कारण. शिवाय रिकाम्या नळांत पाणी आणि हवा जोरात शिरल्यानं सांधे निखळतात, नळ नव्या ठिकाणी फुटतात. सायप्रसमध्ये 2008 च्या दुष्काळात शहरांना सुमारे दोन वर्षं ठरावीक वेळीच पाणी दिलं गेलं. त्यानंतर नळ फुटण्याचं प्रमाण आणि गळती दोन्ही वाढली. पाणी वाचवायला केलेल्या उपायानं पाणी गळू लागलं.

घरातही बचत होतेच असं नाही. पाणी कधी येईल याचा भरवसा नसला की माणूस गरजेपेक्षा जास्त भरून ठेवतो आणि नवं आलं की ‘शिळं’ ओतून देतो. तोटी उघडी राहते, टाकी भरून वाहते. ज्याच्याकडे जमिनीखालची टाकी आणि मोटर आहे त्याचा साठा पूर्ण होतो. हंडे-कळशा घेऊन उभं राहणाऱ्याचा कधीच होत नाही.

याला पर्याय आहे, तो दाब नियंत्रणाचा. पहाटे दोन ते चारच्या दरम्यान शहर झोपलेलं असतं, जवळपास कुणी पाणी वापरत नाही. तरीही एखाद्या विभागाच्या मुख्य मीटरमधून पाणी जोरात वाहत असेल, तर त्यातलं बहुतेक गळतीत जातंय. त्या वेळी व्हॉल्व्हनं दाब निम्म्यावर आणला की नळ आणि फटींच्या प्रकारानुसार गळती तीस टक्क्यांपासून निम्म्यापर्यंत घटते. नळ रिकामा होत नाही, म्हणून घाणही शिरत नाही. केपटाऊननं हे केलं. साओ पावलोनंही केलं, पण तिथे उंचावरच्या वस्त्यांना रात्री पाणी मिळेना. म्हणजे विभागवार मीटर आणि सर्वांत उंच घरापाशी दाबमापक लावल्याशिवाय हा उपाय न्याय्य होत नाही.

गळती मुळातून कमी करणं तर दुष्काळाची वाट न पाहता करायचं काम. कंबोडियाच्या नोम पेन्हमध्ये 1993 साली 72 टक्के पाण्याचा हिशेबच लागत नव्हता. तिथल्या पाणीपुरवठा संस्थेचे प्रमुख एक सोन चान (Ek Sonn Chan) यांच्या नेतृत्वाखाली हे प्रमाण 6 टक्क्यांच्या आसपास आलं. मीटर, नळ बदलणं, बेकायदा जोडण्या तोडणं आणि पगारदारांकडून जाब घेणं, एवढ्यावर.

‘समुद्राचं पाणी गोडं करा, प्रश्न मिटला’

चेन्नईत हे प्रकल्प होते. मिंजूर 2010 पासून आणि नेम्मेली 2013 पासून, प्रत्येकी रोज 10 कोटी लिटर क्षमतेचा. तरीही जून 2019 मध्ये शहराचे चारही जलाशय जवळपास कोरडे पडले आणि जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. प्रकल्प नसते तर हाल आणखी वाईट झाले असते, हे मान्य. पण प्रश्न मिटला नाही.

एक हजार लिटर पाणी गोडं करायला साधारण 3 ते 4 युनिट वीज लागते. रोज 50 कोटी लिटरसाठी 15 ते 20 लाख युनिट. शिवाय प्रकल्प उभारायला वर्षं जातात. मेलबर्ननं दुष्काळात ठरवलेला मोठा प्रकल्प डिसेंबर 2012 मध्ये पूर्ण झाला, तोवर दुष्काळ संपला होता, आणि त्यातून मागवलेलं पहिलं पाणी 2017 मध्ये आलं. केपटाऊनच्या घाईघाईतल्या तात्पुरत्या प्रकल्पांची एकत्रित क्षमता रोज 1.6 कोटी लिटर, म्हणजे घटवलेल्या वापराच्याही तीनेक टक्के. सांडपाणी शुद्ध करून वापरणं अनेकदा स्वस्त पडतं. नामिबियाची राजधानी विंडहुक 1968 पासून असं पाणी पिण्यासाठी वापरते आहे.

‘वाचवलं तरी पाणीपट्टी वाढते, म्हणजे खेळ पैशांचा’

हा राग मला समजतो. केपटाऊनकरांनी वापर निम्म्यावर आणला आणि जुलै 2018 पासून त्यांच्या बिलात मीटर-जोडणीच्या लहान-मोठेपणानुसार ठरणारं स्थिर शुल्क आलं. संताप झालाच.

पण पाणीपुरवठ्याचा बराचसा खर्च लिटरवर ठरत नाही. नळ, पंप, कर्जाचे हप्ते, पगार हे निम्मं पाणी विकलं तरी तेवढेच राहतात. त्यातच जास्त वापरणारे चढ्या दरानं पैसे भरतात आणि त्यातून गरिबांचं पाणी स्वस्त राहतं. सधन घरांनी कूपनलिका खोदून जोडणीवरचा वापर कमी केला की ती भरपाई आटते, आणि भूजलही. तेव्हा दरवाढीमागे कारण असतं. चूक होते ती ते आधी न सांगण्यात. दुष्काळातली तूट कशी भरणार आणि किमान वापराच्या घरांना त्यातून कसं वगळणार, हे कपातीच्या पहिल्या दिवशीच जाहीर व्हायला हवं.

संशय घ्यायचाच असेल तर तो इथे घ्या. केपटाऊननं साठा आणि वापराचे आकडे नियमित लोकांसमोर मांडले, कमी वापराच्या घरांचे हिरवे ठिपके दाखवणारा नकाशाही खुला केला. तुमच्या शहराकडे मागा : या आठवड्याचा उपयुक्त साठा, रोजचा उपसा, विभागवार मध्यरात्रीचा प्रवाह, कोणत्या पातळीला कोणती कपात लागू होणार, आणि त्या प्रत्येक टप्प्यावर आधी कुणाचं पाणी कमी होणार, तरणतलावांचं की सार्वजनिक नळांचं.