दिवसाढवळ्या घरफोडी आणि एक फिरता संदेश

पावसाळा तोंडावर आला की देवगड-मालवण पट्ट्यातील वाड्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर घरफोडीपासून बचावाचा एक संदेश न चुकता फिरू लागतो. यंदाही तो मला चार ठिकाणांहून आला. त्यातील म्हणणे थोडक्यात असे: चोर मध्यरात्रीनंतर येतात, म्हणून दिवसा दाराला एक दणकट कुलूप पुरे, बाहेर पडताना ओटीवरचा दिवा चालू ठेवावा, म्हणजे घरात माणसे आहेत असे वाटते, गडग्यावर किंवा भिंतीवर खडूची खूण दिसली तर टोळीने घर हेरले असे समजून वाडीत फिरणाऱ्या अनोळखी माणसाला अडवून ठेवावे, कॅमेरा बसवला की निर्धास्त राहावे, आणि नव्या कायद्याने घरात शिरलेल्या चोराला जागीच मारण्याचा अधिकार घरमालकाला दिला आहे. पाठवणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. परंतु यातील बहुतेक सल्ले दिवसाच्या घरफोडीला निरुपयोगी आहेत आणि दोन तर ते पाळणाऱ्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतील असे आहेत, म्हणून हे उत्तर.

पहिले विधान रात्रीचे. पोलिसांच्या गुन्हेनोंदीत ‘दिवसा घरफोडी’ आणि ‘रात्री घरफोडी’ असे दोन वेगळे प्रकार असतात, ते उगाच नव्हे. कायद्यातही हा भेद जुना आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१ नुसार चोरीसाठी दिवसा घर फोडल्यास १० वर्षांपर्यंत आणि सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी फोडल्यास १४ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. १८६० च्या दंड संहितेतही शिक्षा एवढीच होती. रात्रीची शिक्षा जास्त आहे, कारण रात्री घरात माणसे झोपलेली असतात आणि त्यांच्या जिवाला धोका असतो. दिवसा येणाऱ्याला नेमके तेच टाळायचे असते. आमच्याकडे रात्री प्रत्येक घरात कोणी ना कोणी असते, कुत्री मोकळी असतात आणि खोकल्याचा आवाजसुद्धा शेजारच्या पडवीत ऐकू जातो. याउलट तरवा, म्हणजे भाताची रोपे, काढून लावणी सुरू झाली की सकाळी पेज घेऊन जी माणसे मळ्यात उतरतात ती दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत परतत नाहीत, आणि पावसाच्या आवाजात मागच्या दारावरचा घाव कोणाला ऐकू येणार? आंगणेवाडीची जत्रा, महाशिवरात्रीला कुणकेश्वरची यात्रा, काजू-आंब्याचा हंगाम, मे महिन्यातली लग्ने, या प्रत्येक वेळी अख्खी वाडी भरदुपारी ओस पडते आणि ती कधी ओस पडणार हे कोणालाही आधीच सांगता येते. अंधारावाचून या चोराचे काही अडत नाही. त्याला रिकामे घर आणि कोणी हटकणार नाही अशी पायवाट एवढेच लागते.

आता कुलूप. येथे थोडे थांबायला हवे, कारण या एका समजुतीपायी आमचे स्वतःचे घर फुटले आहे. काही वर्षांपूर्वी, ऐन लावणीत, आम्ही सगळे मळ्यात असताना सकाळी दहा ते दुपारी एकच्या दरम्यान मागीलदार उघडले गेले. कुलूप मी स्वतः आणलेले, मुठीएवढे, पितळी. ते जसेच्या तसे बंद होते आणि कोयंड्यासह जमिनीवर पडलेले होते. बातम्यांमध्ये ‘कुलूप तोडून’ याच्याइतकेच ‘कडीकोयंडा उचकटून’ हे शब्द वाचायला मिळतात, त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. कोयंडा चौकटीला बसवलेला असतो बोटाच्या पेराएवढ्या चार स्क्रूंनी. खाऱ्या हवेत ते स्क्रू गंजतात, जुन्या चौकटीला खालून वाळवी लागलेली असते, आणि कटावणीचा एक हिसका दिला की शंभर रुपयांचे कुलूप आणि हजार रुपयांचे कुलूप सारख्याच वेळात खाली येते. तेव्हा पैसे कुलपात घालण्याआधी सुताराला बोलावून कोयंडा आरपार नटबोल्टने बसवून घ्यावा, बोल्टची गोल डोकी बाहेर आणि चकतीसह नट आत. दार बाहेरच्या बाजूला उघडत असेल तर बिजागऱ्यांच्या खिळ्या बाहेर दिसतात आणि ठोकून काढता येतात; तेही पाहून घ्यावे. मागच्या दाराला तर बाहेरून कुलूप असण्याचे कारणच नाही. त्याला आतून लाकडी किंवा लोखंडी अडसर घालावा आणि पुढच्या दाराने बाहेर पडावे. आमच्या पूर्वजांनी प्रत्येक दाराला अडसराची खाच ठेवली होती. अडसर आम्हीच सरपणात घातले.

पुढच्या दाराचे मोठे लोंबते कुलूप आणखी एक काम करते, ज्याचा विचार संदेश लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही: घरात कोणी नाही ही बातमी ते रस्त्यावरून दिसेल अशी टांगून ठेवते. दाराच्या अंगात बसणारे, दोन्ही बाजूंनी किल्लीने चालणारे कुलूप बसवले तर दार नुसते लोटलेले आहे की बंद आहे हे लांबून समजत नाही. आणि किल्ली वळचणीला, तुळशीच्या कुंडीत किंवा पडवीच्या कोनाड्यात ठेवण्याची चाल सोडून द्यावी. ती जागा सोयऱ्याधायऱ्यांना जशी ठाऊक असते तशी इतरांनाही सुचते. कौलारू घरात चार कौले सरकवून माळ्यावर उतरता येते हे खरे आहे, पण भरदिवसा छपरावर चढलेला माणूस दुरून दिसतो, म्हणून दिवसा मला छपरापेक्षा मागीलदाराची आणि न्हाणीघराच्या खिडकीची काळजी अधिक वाटते.

दिव्याचा सल्ला शहरी आणि रात्रीचा आहे. टळटळीत दुपारी ओटीवर जळणारा दिवा पाहून कोणालाही एवढेच कळेल की तो काल संध्याकाळी किंवा आज पहाटे लावला गेला आणि विझवायला कोणी नाही. घर रिकामे असल्याचे खरे दाखले तर निराळेच असतात. न झाडलेले खळे म्हणजे घरापुढचे अंगण, पाऊस येऊनही दोरीवर राहिलेले कपडे आणि मुंबईच्या चाकरमान्यांच्या घरापुढे गुडघाभर वाढलेले गवत लांबूनही दिसते. गणपती झाले की वर्षभर बंद राहणाऱ्या घरांसाठी खळे झाडायला शेजारच्या काकूंना महिन्याकाठी काही पैसे देणे हा मला माहीत असलेला सर्वात स्वस्त पहारा आहे.

खडूच्या खुणांचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पल्स पोलिओच्या मोहिमेत घरोघरी फिरणारे कर्मचारी घराच्या भिंतीवर खडूने खूण करतात: सर्व मुलांना डोस मिळाला असेल तर इंग्रजी ‘पी’ आणि पुन्हा यावे लागणार असेल तर फुली. इतर सर्वेक्षणांतही भिंतीवर आकडे पडतात. त्यांना चोरांची सांकेतिक भाषा समजणे हास्यास्पद आहे. पण त्यापुढचा ‘अनोळखी माणसाला अडवून ठेवा’ हा सल्ला घातक आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार केले. आमच्याच कोकण विभागात, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० च्या रात्री अशाच अफवांच्या वातावरणात दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक जमावाच्या हातून मारले गेले. संदेशाच्या काही आवृत्त्यांमध्ये एका भटक्या जमातीचे नावही घातलेले असते. अशा जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा १८७१ पासून चालत आलेला इंग्रजी कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तो या संदेशांतून पुन्हा लागू करण्याची कोणाला गरज नाही. कायदा येथे स्पष्ट आहे. अटक व तपासाची रीत सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे सामान्य माणसाला दुसऱ्याला पकडता येते ते आपल्यासमोर दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) व अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) गुन्हा त्याने केला किंवा तो फरारी घोषित असेल तर, आणि त्यानंतर ६ तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करावे लागते. नुसते अनोळखी असणे हा गुन्हा नव्हे. ‘कोणाकडे आलात?’ असे समोर जाऊन नीट विचारावे. खरा फेरीवाला उत्तर देतो, आणि हेरायला आलेल्याला आपला चेहरा कोणीतरी पाहिला एवढे पुरते. समाधान झाले नाही तर पोलीस पाटील आहेत, तातडीच्या मदतीचा ११२ क्रमांक आहे.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात: तो असावा. परंतु पावसाळ्यात आमच्याकडे वीज तासन्‌तास नसते, डोंगराच्या कुशीतल्या वाडीत मोबाइलला रेंज नसते, आणि चित्रीकरण साठवणारा डबा टीव्हीखाली ठेवला असेल तर चोर तोही घेऊन जातो. तपासाला कॅमेऱ्याचा उपयोग होतो. दार तो धरून ठेवत नाही.

शेवटचे विधान सर्वात चुकीचे. न्याय संहितेच्या कलम ४१ मध्ये मालमत्तेच्या बचावासाठी जीव घेण्यापर्यंत जाण्याची मुभा मोजक्याच प्रसंगी आहे. जबरी चोरी, घराला आग लावणे आणि सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीची घरफोडी हे त्यातले प्रसंग. दिवसाच्या चोरीत किंवा घरात शिरण्यात ती तेव्हाच मिळते जेव्हा हा अधिकार न वापरल्यास मृत्यू किंवा गंभीर दुखापत होईल अशी रास्त भीती असते. शिवाय कलम ३७ प्रमाणे बचावासाठी आवश्यक त्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही. कपाट उघडून पळणाऱ्या माणसाच्या पाठीत कोयता घालणारा यातल्या कशातच बसत नाही, आणि ही तरतूद नवीही नाही; जुन्या संहितेच्या कलम १०३ मधून ती जवळपास तशीच आली आहे.

एवढ्या लांब संदेशात फुटलेले घर दिसल्यावर काय करावे याविषयी एक ओळही नाही. मागीलदार उघडे दिसले तर आत जाऊ नये, कारण चोर आत असू शकतो. बाहेर थांबून शेजाऱ्यांना हाक मारावी, ११२ ला कळवावे आणि पोलीस येईपर्यंत कशालाही हात लावू नये. तक्रार आता ऑनलाइनही देता येते, मात्र ३ दिवसांत तिच्यावर सही करावी लागते, आणि नोंदवलेल्या एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. आमच्या घरी त्या दिवशी पंचनाम्याला माणसे येणार, म्हणून वहिनीने माजघर झाडून काढले, उचकटलेले कपाट फडक्याने पुसले आणि कोयंडा उचलून खिडकीत ठेवला. ठसेतज्ज्ञांना त्या कपाटावर फक्त वहिनीच्या बोटांचे ठसे मिळाले.