लागायचं नाही, की सांगता यायचं नाही? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री उत्तर लिहायला घेतलं होतं. पुसून टाकलं, ते बरं झालं. त्यात नुसती चिडचिड होती. आज चार दिवसांनी लिहितोय. तुम्ही मला काका म्हटलंत, त्यामुळे अरे-तुरे करायचा मोह होतो, पण वाद चालू असेपर्यंत तुम्हीच बरं.

इतरांसाठी थोडक्यात सांगतो. ‘बोलायची चोरी’ या लेखात मी लिहिलं होतं की हल्ली तोंड उघडायचा धसका वाटतो. आपण एक शब्द उच्चारायचा अवकाश, कुणीतरी त्याचा सुधारलेला पर्याय घेऊन समोर उभा. आणि पुढे हे वाक्य: ‘पूर्वी सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारे एकमेकांना काहीही म्हणायचे, काय बे करून खेचायचे, कुणाला लागायचं नाही.’ त्यावर तुम्ही लिहिलंत: ‘काका, लागायचं नाही, की सांगता यायचं नाही? माझे आजोबा सेटलमेंटमधले. त्यांना विचारून लिहायचं होतं.’ शिवाय, ज्यांच्या अंगावर शब्द कधी धावून आला नाही त्यांनाच जुने शब्द गोड लागतात, असाही टोला आहे.

तुमचा प्रश्न मला चार दिवस पुरला.

सेटलमेंट म्हणजे काय हे सोलापूरबाहेरच्या वाचकांना माहीत नसेल. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून काही जमाती सरसकट गुन्हेगार ठरवल्या. पुढे १९११ च्या कायद्याने ते आपल्याकडेही आलं. पोरगं अजून रांगतंय, पण सरकारदरबारी ते गुन्हेगार जमातीचं. या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवायचं, हजेरी घ्यायची, बाहेर जायचं तर परवानगी. सोलापुरात अशी मोठी वसाहत होती आणि त्या भागाला आजही सेटलमेंटच म्हणतात. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं झाली तेव्हा कुठे, ३१ ऑगस्ट १९५२ ला, तो कायदा गेला. इथल्या तारा खुद्द नेहरूंनी तोडल्या असं जुनी माणसं सांगतात. ‘गुन्हेगार जमाती’ हे नाव गेलं, ‘विमुक्त’ आलं.

आमच्या वर्गात त्या भागातला एक मुलगा होता. हजेरीपटावर त्याचं रीतसर नाव होतं, पण गुरुजी ‘ए सेटलमेंट’ अशी हाक मारायचे, म्हणून आम्हीही तेच. सातवीत एकाची कंपासपेटी हरवली. गुरुजींनी कुणाला काही विचारलं नाही, सरळ त्याचं दप्तर उलटं केलं. दोन वह्या पडल्या, फडक्यात बांधलेली भाकरी पडली आणि शेंगाचटणीची पुडी फुटली. तो खाली बसून फरशीवरची चटणी बोटाने गोळा करत होता आणि आम्ही हसत होतो. मीही हसत होतो. पेटी दुसऱ्या दिवशी तिच्या मालकाच्याच घरी सापडली; ते कुणी वर्गात मोठ्याने सांगितलं नाही. त्या वेळी त्याला लागलं का? मी त्याच्या तोंडाकडे बघितलंच नव्हतं. ‘कुणाला लागायचं नाही’ असं बिनदिक्कत लिहिणाऱ्याची माहिती ही एवढी.

तेव्हा ते वाक्य मी मागे घेतो. खोडत नाही, तसंच ठेवून त्याखाली तुमचा प्रश्न जोडलाय.

पण शब्द बदलला की निम्मं काम झालं, असा जो तुमचा पुढचा सूर आहे, तिथे माझी गाडी अडते. ‘विमुक्त’ हा शब्द येऊन ७२ वर्षं उलटल्यावर, ऑक्टोबर २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतल्या, जात बघून कामं वाटणाऱ्या तरतुदी रद्द कराव्या लागल्या. त्याच पुस्तिकांमध्ये विमुक्त जमातींकडे सराईत गुन्हेगार म्हणून बघणारे उल्लेखही शिल्लक होते. तुमच्या आजोबांच्या वेळी निदान आधी तारा तुटल्या. आता आधी शब्द येतो आणि मग सगळे हात झटकून मोकळे होतात. माझा राग या स्वस्तात सुटण्यावर आहे.

आमच्या जुळे सोलापुरातल्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर गेल्या वर्षी कुणीतरी ‘कामवाली’ असं लिहिलं. झालं! दोन दिवस मेसेजवर मेसेज. शेवटी ‘घरकाम मदतनीस’वर एकमत, वर टाळ्यांचे इमोजी. मी तिथेच विचारलं की लिफ्टशेजारची ‘घरकाम करणाऱ्यांनी जिना वापरावा’ ही पाटी काढायची का, आणि महिन्याला चार सुट्ट्या द्यायच्या का? उत्तर आलं, हा विषय पुढच्या मीटिंगला घेऊ. पुढच्या मीटिंगला पार्किंग निघालं. आमच्याकडे येणाऱ्या मावशी तेलुगू घरातल्या, पूर्वी विड्या वळायच्या. त्यांना मी त्यांचं नवं नाव सांगितलं. कढई घासता घासता म्हणाल्या, ‘नावाचं काय करायचं की. सुट्टीचं काय ठरलं ते सांगा.’

माझा धाकटा भाऊ लहानपणीच्या पोलिओमुळे काठी घेऊन चालतो. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला तेव्हा अपंगांच्या कितीतरी संघटनांनी त्याला विरोध केला होता, हे आता कुणाच्या लक्षातही नाही. भाऊ म्हणतो, ‘माझ्या पायात दिव्य काय आहे? डावी चप्पल दोन महिन्यांत झिजते, उजवी तशीच राहते.’ त्याच्याकडे एका खोक्यात अशा उजव्या चपला साठल्यात, फेकवत नाहीत म्हणून. मागे एका कार्यालयात प्रमाणपत्राच्या कामासाठी त्याला घेऊन गेलो होतो. दारावरची पाटी नवीकोरी, ‘दिव्यांग कक्ष’, रंगाचा वासही गेला नव्हता. कक्ष दुसऱ्या मजल्यावर. खालच्या उतारावर तीन मोटरसायकली लावलेल्या. तिथला कारकून भावाशी अतिशय आदराने बोलला, ‘दिव्यांग बांधवांनी’ म्हणत म्हणत दोनदा वरखाली करायला लावलं. आता न्यायाने बोलायचं तर २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, सरकारी नोकरीतलं आरक्षण ३ टक्क्यांवरून ४ वर नेलं. हे खरं काम. आणि त्या कायद्याच्या इंग्रजी नावात ‘दिव्यांग’ हा शब्द नाही, तरी अडलं का कुठे?

तुम्ही म्हणाल, काका सोयीची उदाहरणं काढतात. मग एप्रिल २०२३ आठवा. विधवांना ‘गंगा भागीरथी’ म्हणावं असा प्रस्ताव खुद्द महिला व बालविकास मंत्र्यांकडून आला आणि बायकाच तुटून पडल्या. मग म्हणे तो फक्त चर्चेसाठी होता. त्याच्या आदल्या वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने नवऱ्याच्या मृत्यूनंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करायचा ठराव केला. त्या मोहिमेत आपल्या करमाळ्याचे कार्यकर्ते पुढे होते. त्यांनी नवा शब्द शोधत बसायला वेळ घालवला नाही.

यंदा संक्रांतीला आमच्या अपार्टमेंटमध्ये ‘हळदीकुंकू’ बदलून ‘तिळगूळ स्नेहमेळावा’ झाला. माझी बहीण विधवा आहे, तिलाही बोलावणं आलं. गेली. तिळगूळ मिळाला, वाण म्हणून स्टीलची वाटी मिळाली. कुंकवाचा करंडा मात्र तिच्यासमोर येऊन क्षणभर घुटमळला आणि शेजारणीकडे गेला. लावावं की न लावावं हे विचारायचीही भीती, चुकीचं काही तोंडून जाईल म्हणून. पूर्वी तिला बोलावलंच नसतं, हे मला मान्य आहे. तेवढी सुधारणा जमा धरा. पण पूर्वी एखादी फटकळ म्हातारी ‘लाव की गं, काय होतंय’ तरी म्हणाली असती. आता सगळ्या सभ्य झाल्यात.

आणि एक गोष्ट, जी मूळ लेखात लिहायला हवी होती. याच जानेवारीत सिद्धेश्वरच्या गड्ड्यावर, म्हणजे इथल्या जत्रेत, गेलो होतो. होम मैदानावर आकाशपाळण्याच्या रांगेत तो दिसला, तोच, आमच्या वर्गातला. केस पांढरे झालेत, पण भुवईवरची जुनी खूण तशीच, हाताला धरलेला नातू. हाक मारायला मी तोंड उघडलं आणि तोंडात एकच शब्द आला, गुरुजींचा. खरं नाव काही केल्या आठवेना. सात वर्षं एका वर्गात बसलो होतो. तो तिकिटं घेऊन आत गेला आणि मी भज्यांचा कागद हातात धरून तसाच उभा.

‘बोलायची चोरी’ हे शीर्षक मला त्या रात्री सुचलं. लेखात मात्र मी सगळा दोष अपार्टमेंटच्या ग्रुपवर घातला.

शाळेत जुने हजेरीपट किती वर्षं ठेवतात, कुणाला माहीत असेल तर खाली लिहा.